एरेदियांच्या अंगणातला स्टॉल

स्पेनमधल्या बिल्बाओहून आरोला जाणारी गाडी आधी ओर्दुन्याचा घाट चढते. दरीला मोठा वळसा घालत ती वर येते तेव्हा मघाशी मागे टाकलेलं गाव पुन्हा खिडकीत दिसतं, पण खूप खाली आणि दुसऱ्याच बाजूला. चार्ल्स व्हिग्नोल्स या ब्रिटिश अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८६३ साली सुरू झाला. आपल्या बोरघाटाचं काम पुरं झालं तेही याच वर्षी. घाटात रूळ टाकण्यामागचा हिशोब दोन्हीकडे एकच होता. वरच्या मुलखातला माल बंदराला लावायचा. आपल्याकडे त्यात कापूस मोठा होता. इथे पुढे जाऊन वाइन मोठी झाली, आणि तिने रेल्वेकाठच्या आरो या लहान गावाचं नशीब पालटून टाकलं.

घाट ओलांडला की हवा बदलते. बिल्बाओकडची ओली हिरवाई मागे पडते, आभाळ मोकळं होतं. मिरांदा दे एब्रोपाशी गाडी एब्रो नदीच्या खोऱ्यात उतरते आणि नदीच्या सोबतीने डोंगराच्या खिंडीतून बाहेर पडते. तिथून रिओखा हा वाइनचा मुलूख सुरू होतो. उत्तरेला सिएरा दे कांताब्रियाची करडी रांग उभी आहे. अटलांटिकवरून येणारा गारठा आणि पाऊस ती बराचसा अडवते, म्हणून तिच्या दक्षिणेला द्राक्षं नीट पिकतात. रुळांच्या दोन्ही अंगांना बागा दिसू लागल्या, पण आपल्या नाशिककडे असतात तशा मांडवावर चढवलेल्या नाहीत. जुन्या बागांतला वेल इथे बुटका, झुडपासारखा ठेवतात. खोड जाड, फांद्या आखूड, आधार कसलाच नाही.

माझ्याबरोबर माझी भाची होती. पुण्यात वास्तुरचना शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. या प्रवासाचा हट्ट तिचाच. बिल्बाओला जाऊन गुगेनहाइम संग्रहालय बघायचं हे माझ्या मनात होतं. ती म्हणाली, ‘‘मावशी, ते तर सगळेच बघतात. मला झाहा हदीदचं एक छोटं काम बघायचंय. एका जुन्या वाइनरीच्या अंगणात आहे.’’ मला त्या वाइनरीचा इतिहास माहीत होता, अंगणातल्या नव्या कामाबद्दल फारसं माहीत नव्हतं. तिचं उलट होतं. त्यामुळे आमची जोडी बरी जमली.

आरोचं स्टेशन गावात नाही. गाव तिरॉन नदीच्या एका अंगाला, स्टेशन दुसऱ्या अंगाला. त्या स्टेशनाभोवती वाइनरींची एक वस्तीच आहे आणि तिचं नावही स्टेशनाची वस्ती असंच आहे. लोपेस दे एरेदिया, कुने, ला रिओखा आल्ता, बोदेगास बिल्बाइनास, मुगा अशी नामांकित घराणी इथे एकमेकांच्या कुंपणाला कुंपण लावून नांदतात. पिंपं तळघरातून काढावीत आणि थेट वाघिणीत चढवावीत, एवढ्या साध्या सोयीसाठी ही वस्ती उभी राहिली. आम्ही गाडीतून उतरलो आणि जवळजवळ तिथेच पोचलो होतो.

ही सोय कुणासाठी होती? फ्रेंचांसाठी. १८५०च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागांवर भुरी पडली. तिच्यावर गंधकाचा उतारा सापडला, तोच फायलोक्सेरा आली. अमेरिकेतून आलेला हा मावा जातीचा बारीक किडा मुळांतला रस शोषतो आणि वेल जमिनीखालून मरतो. पानं पिवळी पडलेली दिसतात तोवर वेळ गेलेली असते. १८६०च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये दिसलेली ही कीड बघता बघता बोर्दोपर्यंत पोचली. गिऱ्हाईक आहे, नाव आहे, पण विकायला वाइन नाही, अशा अवस्थेत बोर्दोचे व्यापारी पिरेनीज ओलांडून रिओखात उतरले. आरोला रेल्वे होती, म्हणून त्यांनी मुक्काम आरोला टाकला. १८८२च्या फ्रान्स-स्पेन व्यापारी कराराने जकातही हलकी झाली आणि वाइनच्या पिंपांनी भरलेल्या गाड्या उत्तरेला जाऊ लागल्या. गावात इतका पैसा आला की १८९० साली आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. स्पेनमध्ये हे भाग्य लाभलेल्या अगदी पहिल्या गावांत आरोची गणना होते.

फ्रेंच व्यापारी पैशाबरोबर आपली रीतही घेऊन आले. २२५ लिटरचं ओकचं पिंप हे बोर्दोचं माप. वाइन त्यात मुरवायची, ठरावीक काळाने एका पिंपातून दुसऱ्यात काढायची, तळाचा साका मागे ठेवायचा, अंड्याच्या पांढऱ्याने ती निवळायची, हे सगळं रिओखाने त्या काळात उचललं. फ्रेंचांच्या मागोमाग या भागात आलेल्या राफाएल लोपेस दे एरेदिया या तरुणाने ही विद्या मन लावून आत्मसात केली आणि १८७७ साली स्टेशनाजवळ आपल्या वाइनरीचं बांधकाम काढलं.

सुगी फार टिकली नाही. १८९२ साली करार संपला. अमेरिकन वेलीच्या खुंटावर आपल्या वेलाचं कलम केलं की फायलोक्सेरा काही करू शकत नाही, हे तोवर फ्रान्सला उमगलं होतं, तिथल्या बागा सावरत होत्या. आणि १८९९ मध्ये ती कीड रिओखात, आरोजवळच्या साखासार्रा गावात उगवली. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला खुंट आणि कलम समजावून सांगायची गरज नाही. तो डॉगरिजचा अमेरिकन खुंट वापरतो तो क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण यांसाठी, पण युक्ती तीच. फ्रेंच गेले, किडीने बागा गेल्या, बऱ्याच जणांनी धंदा गुंडाळला. एरेदिया मात्र टिकून राहिले. पुढे १९१३-१४च्या सुमारास त्यांनी एब्रोच्या वळणात, नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या जमिनीवर शंभर हेक्टरांहून मोठी बाग उभी केली. तिचं नाव विन्या तोंदोनिया. आज बाटलीवर जे नाव वाचून जगभरचे रसिक थबकतात, ते या बागेचं.

एरेदियांच्या वाइनरीच्या फाटकातून आत गेलं की आधी जुन्या इमारती दिसतात. दगडी भिंती, लाकडी सज्जे आणि वर एक टोकदार मनोरा. मनोऱ्याचं नाव बास्क भाषेतलं आहे, चोरी तोकी, म्हणजे पाखरांची जागा. हे सारं एका दमात बांधलेलं नाही. डॉन राफाएलच्या हयातीत आणि नंतरही गरज पडेल तसं वाढत गेलेलं आहे.

आम्ही आधी तळघर बघितलं, आणि ते बरं झालं. ते बघितल्याशिवाय अंगणातलं नवं काम कशाला उत्तर म्हणून आलंय हे कळत नाही.

वरच्या मजल्यावर पिंपांची सुतारशाळा आहे. वाइनरी आपली पिंपं स्वतः करते. अमेरिकेतून ओकचं लाकूड आणून, उघड्यावर वाळवून त्याच्या फळ्या पाडतात. फळ्या एका कड्यात उभ्या करतात, आत विस्तव पेटवतात आणि बाहेरून पाणी मारत त्या वाकवतात. सरस नाही, खिळा नाही. लोखंडी पट्टे आणि लाकडाचं फुगणं, एवढ्यावर ते पिंप पाणबंद होतं. जवळ उभं राहिलं की भाजक्या लाकडाचा गोडसर वास येतो.

तिथून खाली उतरलं की खडकात खोदलेले लांब बोगदे. वर सप्टेंबरचं ऊन असलं तरी खाली हवा बारा अंशांच्या आसपास. भिंतींवर काळी बुरशी लोंबते आणि जाळ्यांना कुणी हात लावत नाही. बुचं पोखरणारा पतंग असतो, त्याला कोळी खातात, म्हणून कोळ्यांना अभय. ज्या खोलीत सर्वांत जुन्या बाटल्या निजलेल्या आहेत तिला घरचे लोक स्मशान म्हणतात. बाटल्यांवर जाळ्यांचा इतका जाड थर आहे की काचेचा रंग ओळखू येत नाही. रिओखाच्या नियमाप्रमाणे ‘ग्रान रेसेर्वा’ या वरच्या दर्जाच्या लाल वाइनला पाच वर्षं मुरणं पुरतं. हे लोक ती साधारण वीस वर्षांनी बाजारात आणतात. आज्याने भरलेली बाटली नातवाने विकावी असा हा व्यवहार. इथे घाई नावाची गोष्ट कुणाच्या बोलण्यातसुद्धा येत नाही.

अशा घराला नवी इमारत कशाला हवी होती?

२००२ साली वाइनरीला सव्वाशे वर्षं होणार होती. त्या सुमाराला कुटुंबाला आवारातल्या एका कोठारात लाकडाचे जुने भाग सापडले. १९१० साली ब्रसेल्सला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यासाठी डॉन राफाएलने करून घेतलेला हा स्टॉल होता. कोरीव लाकडाचा, त्या काळच्या नव्या शैलीतला. त्या प्रदर्शनाला ऑगस्टमध्ये मोठी आग लागली आणि बेल्जियम व ब्रिटनच्या विभागांचं फार नुकसान झालं. हा स्टॉल सुखरूप घरी परतला, सुटा करून ठेवला गेला, आणि पुढच्या पिढ्यांच्या नजरेआड गेला. कुटुंबाने तो दुरुस्त करवून पुन्हा उभा केला. मग प्रश्न आला, हा ठेवायचा कुठे? कोरलेलं लाकूड उन्हापावसात टिकणार नाही. तळघरात ठेवला तर कोण बघणार?

सोपा मार्ग होता. जुन्या इमारतींना शोभेलशी एक दगडी खोली बांधायची, वर कौलारू छप्पर, आत स्टॉल, बाहेर पितळी पाटी. आपल्याकडे तर हमखास हेच झालं असतं. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या आवारात जुन्याला शोभेलसं म्हणून सिमेंटच्या कमानी आणि फायबरच्या महिरपी आपण किती बघतो. शेजारच्या खऱ्या दगडाचा त्यात अपमान होतो असं मला नेहमी वाटत आलं आहे, कारण पुढच्या पिढीला खरं कुठलं आणि भर कुठली हे ओळखूच येत नाही.

एरेदियांनी काम दिलं झाहा हदीद यांना. ही निवड किती धाडसाची होती हे आज लक्षात येत नाही, कारण आज त्यांचं नाव सर्वतोमुखी आहे. बगदादमध्ये १९५० साली जन्मलेल्या, बेरूतला गणित आणि लंडनला वास्तुरचना शिकलेल्या हदीद यांची तोवर बांधून झालेली कामं मोजकी होती. त्यांतलं गाजलेलं म्हणजे जर्मनीतलं व्हिट्रा कारखान्याचं अग्निशमन केंद्र, १९९३चं. कार्डिफच्या ऑपेरागृहाची स्पर्धा जिंकूनही ते बांधलं गेलं नाही. कागदावरच्या वास्तुरचनाकार, असं त्यांच्याबद्दल उघड बोललं जाई. प्रित्झकर पारितोषिक त्यांना मिळालं २००४ मध्ये. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. नवी मुंबईच्या विमानतळाची इमारत ज्या झाहा हदीद आर्किटेक्ट्स संस्थेने रेखाटली ती संस्था त्यांचीच, पण ते काम त्यांच्या २०१६ मधल्या निधनानंतरचं. एरेदियांनी त्यांना हे काम दिलं ते २००१च्या सुमारास, म्हणजे पारितोषिकाच्याही आधी. कोळ्याच्या जाळ्यालासुद्धा हात न लावणाऱ्या घराने, जिची रेखाटनं बांधता येणार नाहीत असं लोक म्हणत, तिला बोलावलं.

अंगणात आलो तेव्हा भाची एकदम गप्प झाली. मग बाकावर बसून तिने वही काढली. हदीद यांचं पॅव्हेलियन रस्त्याच्या बाजूला, जुन्या इमारतींच्या पुढ्यात उभं आहे. फोटोंवरून वाटतं त्यापेक्षा लहान. धातूचं वळणदार कवच आणि दर्शनी बाजूला काच. तळाशी ते रुंद फुगतं, वर जाताना आवळत जातं.

‘‘हे बघ,’’ ती म्हणाली आणि वहीत मधोमध एक साधा चौकोन काढला. ‘‘हा जुना स्टॉल, त्याचा सेक्शन. त्यांनी इथून सुरुवात केली. बाहेरून आकार ठरवून आत स्टॉल बसवला नाही.’’ चौकोनाच्या कडांपासून तिने बाहेर जाणाऱ्या रेघा ओढल्या. प्रत्येक रेघेला कड थोडी सैल होत गेली. कोपरे गोल झाले, खालची बाजू पसरली, वरची अरुंद झाली. शेवटच्या रेघेला जो आकार उमटला तो डीकँटरचा होता. जुन्या बाटलीतली वाइन साका मागे ठेवून ज्या काचेच्या सुरईत ओततात आणि हवा खाऊ देतात, ती सुरई. सुरईचा आकार काढायचा असं कुणी ठरवलं नव्हतं, तो त्या प्रक्रियेतून निघाला, असंच या कामाबद्दल सांगितलं जातं. वहीतल्या त्या रेघा उमटताना बघितल्यावर मला ते पूर्ण पटलं.

आत गेलो. जुना देव्हारा तसाच ठेवून भोवती नवं घर बांधावं, तसा तो स्टॉल मध्ये उभा आहे. लाकूड गडद, कोरीवकाम हाताने केलेलं. त्याच्या कडांवर बोट फिरवलं की छिन्नीचा माग किंचित लागतो. भोवतीच्या कवचाला कोपराच नाही. पटाशीने केलेलं आणि संगणकाने काढलेलं, दोन्ही हातभर अंतरावर. कुणी कुणाची नक्कल करत नाही, म्हणून दोन्ही स्वच्छ दिसतात. जुन्याचा मान राखायचा तो असा, असं मला तिथे ठामपणे वाटलं, आणि अजून वाटतं.

पण मला सर्वांत भावलं ते वेगळंच. या जागेचं संग्रहालय केलेलं नाही. इथे दोरी लावलेली नाही, हात लावू नका अशी पाटी नाही. हे वाइनरीचं दुकान आहे आणि चव घ्यायची जागा. स्टॉलवर बाटल्या मांडलेल्या आहेत, लोक येतात, पेला उचलतात, दर विचारतात, पिशवीत बाटली घालून घेतात. १९१० साली ब्रसेल्सला हा स्टॉल याच कामासाठी गेला होता. शंभर वर्षांनी तो पुन्हा आपल्या कामावर रुजू झाला आहे. काम करणारी जुनी वस्तू आणि काचेआड बसवलेली जुनी वस्तू यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हदीद यांच्या कवचाचं मोठेपण मी त्यांच्या वळणांपेक्षा यात मानते, की त्यांनी त्या स्टॉलला पुन्हा धंद्याला बसता येईल एवढी जागा करून दिली.

आणखी एक गोष्ट. डॉन राफाएलने तो स्टॉल करवला तेव्हा तो त्या काळचा सर्वांत नवा नमुना होता. ब्रसेल्सला युरोप बघायला येणार म्हणून त्याने आजोबांच्या वेळचं फर्निचर पाठवलं नाही, अगदी ताज्या शैलीचं काम मागवलं. त्याच्या पणतवंडांनी लंडनहून हदीद यांना बोलावलं ते त्याच चालीने. २००२ साली बार्सिलोनाच्या आलिमेंतारिआ या खाद्यप्रदर्शनासाठी ही रचना आधी योजली गेली, म्हणजे नवं कवचही जुन्या स्टॉलसारखंच प्रदर्शनातून घरी आलं. वाइनरीच्या अंगणात ते कायमचं उभं राहिलं २००६ साली.

त्याच २००६ साली जवळच्या एल्सिएगो गावात मार्केस दे रिस्काल या १८५८च्या वाइनरीचं हॉटेल उघडलं, वास्तुरचनाकार फ्रँक गेहरी यांचं. दुसऱ्या दिवशी आम्ही ते बघितलं. दगडी गावाच्या वर टायटॅनियमच्या प्रचंड फिती उसळलेल्या. गुलाबी रंग वाइनचा, सोनेरी बाटलीवरच्या जाळीचा, चंदेरी बुचावरच्या पत्र्याचा. लाग्वार्दियाजवळ वास्तुरचनाकार कालात्रावा यांची इसिओस वाइनरी आहे, २००१ची, तिचं छप्पर मागच्या डोंगररांगेबरोबर लाटांसारखं वरखाली होतं. दोन्ही डोळ्यांत भरतात आणि त्यांनी या भागात माणसं आणली यात शंका नाही. पण एल्सिएगोत मी हॉटेल बघत होते. आरोला मी एरेदियांकडे आले होते, आणि पॅव्हेलियनमधून बाहेर पडतानाही एरेदियांकडेच आले होते. इमारतीने घरमालकाला झाकलं नाही.

एरेदियांची पांढरी वाइन आम्ही पहिल्या दिवशी पॅव्हेलियनमध्येच चाखली. विउरा आणि माल्वासिया या द्राक्षांची, कित्येक वर्षं ओकमध्ये राहिलेली. रंग जुन्या तुपाचा. पहिल्या घोटाला मला ती फार कोरडी वाटली. पेल्यात थोडी थांबल्यावर तिला अक्रोडाचा आणि संत्र्याच्या सुकल्या सालीचा वास आला, आणि मग तो जाईना. भाचीने घोटभर घेऊन पेला माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा बाहेर जाऊन धातूच्या जोडांचे फोटो काढत बसली.

त्याच संध्याकाळी नदी ओलांडून गावात गेलो, प्लासा दे ला पासमध्ये बसलो, आणि तिथे आमचं वाजलं. मुद्दा तिने काढला. ‘‘मावशी, खाली ते जाळी झाडत नाहीत. बुरशी खरवडत नाहीत. मग वरचा धातू आणि काच रोज का पुसतात? त्यालाही जुनं होऊ द्यायला नको का?’’

मी म्हटलं, तळघरातली बुरशी आणि कोळी कामाचे आहेत. दुकानाच्या काचेवरची धूळ कुणाच्या उपयोगाची?

तिला ते मान्य नव्हतं. तिचं म्हणणं, धातूवर पावसाचे डाग पडू द्यावेत, जोडांवर रंग उतरू द्यावा. वाइनरीची सगळी श्रद्धा काळावर आहे, तर सर्वांत नव्या इमारतीलाच त्यातून सूट कशी? मी तिला स्टॉलची आठवण दिली. तोही कोठारात कित्येक वर्षं काळाच्या हवाली होता आणि शेवटी माणसांनीच पुसून, दुरुस्त करून उभा केला. हदीद यांनी २००८च्या प्रदर्शनासाठी झारागोझाला याच एब्रोवर पूल-पॅव्हेलियन बांधलं. ते बघायला आम्ही परवा जाणार होतो. तिथे धातू-काच कशी राहिली आहे ते बघून मग बोलू, असं मी सुचवलं. तिने वहीच्या शेवटच्या पानावर झारागोझाच्या गाडीची वेळ लिहून घेतली आणि त्याखाली लिहिलं : पावसाचं पाणी कुठून उतरतं ते बघणे.